शिडाच्या जहाजावर बाल्कनीचा हट्ट नको

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं घोडबंदर रोडला राहतो. हे पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होताहेत आणि त्यानंतर ग्रीसच्या बेटांची क्रूझ करायची असं ठरलंय. मला शिडाच्या लहान जहाजाची फार ओढ आहे. स्टार फ्लायर नावाच्या जहाजाचे फोटो पाहिले आणि तेव्हापासून दुसरं काही डोळ्यांपुढे येतच नाही. पण ह्यांचं म्हणणं, एवढे पैसे मोजायचे आणि खोलीला साधी बाल्कनी नाही? आम्ही मुंबईहून गोव्याला मोठ्या जहाजानं गेलो होतो तेव्हा बाल्कनीची खोली घेतली होती, आणि हे सकाळ-संध्याकाळ तिथंच बसून असायचे. मुलगी म्हणते, गोल खिडकीच्या खोलीत बाबांचा जीव गुदमरेल. काय करावं? (एक वाचक, कासारवडवली, ठाणे)

उत्तर : आधी तुमच्या यजमानांची बाजू घेते, कारण त्यांचा प्रश्न रास्त आहे. मोठ्या क्रूझवर हजारो माणसं असतात. वरच्या डेकवर पोहण्याचा तलाव, गाणी, खुर्च्या धरून ठेवण्याची घाई. समुद्र खाली दहा मजल्यांवर. तिथं स्वतःचा असा समुद्र हवा असेल तर बाल्कनीशिवाय मिळत नाही. नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसात मोठ्या जहाजाची चौकशी करायला जे येतात, त्यांना मी स्वतःहून सांगते, जेवणाच्या पॅकेजात काटकसर करा, पण बाल्कनी घ्या.

शिडाच्या जहाजावर मात्र हा हिशेब पार बदलतो. स्टार फ्लायर १९९१ सालचं. लांबी ३६० फूट, चार डोलकाठ्या, १६ शिडं, आणि प्रवासी जेमतेम १७०. म्हणजे आपल्या लग्नातल्या दोन पंगतींत सगळं जहाज जेवून उठेल. सगळ्या शिडांचं मिळून कापड ३६ हजार चौरस फुटांचं. या जहाजाचा डेक म्हणजे सागवानी फळ्यांची लांबच लांब ओसरी, आणि तिच्या कठड्यापासून पाणी इतकं जवळ की लाट फुटली की तुषार अंगावर येतात. या जहाजावर मी प्रवास केलाय. दिवसभरात खोलीत जायचं काम पडायचं ते आंघोळीला, कपडे बदलायला आणि झोपायला.

बाल्कनी का नसते हेही यजमानांना सांगा. कंपनीनं पैसे वाचवले असं त्यांच्या मनात असेल, तर ते काढून टाका. वारा शिडात भरला की जहाज एका बाजूला कलतं. त्यामुळे अशा जहाजाची बांधणी बसकी ठेवतात आणि वरच्या मजल्यांवर वजन वाढू देत नाहीत. डोलकाठ्यांना ताणून धरणारे पोलादी दोर दोन्ही बाजूंच्या कठड्यांपाशी बांधलेले असतात. अशा कुशीत ओळीनं बाल्कन्या कोरायच्या म्हणजे जहाजाचा घाटच मोडायचा. आणि खालच्या मजल्यावरची गोल खिडकी पाण्यापासून इतक्या कमी उंचीवर असते की तिथं बाल्कनी असती तर पहिल्याच लाटेत खुर्ची भिजली असती.

त्या गोल खिडकीबद्दल मुलीला वाटतं ते मला नाही वाटत. खिडकी उघडत नाही, हे खरं. पण जहाज कललं की पाणी काचेवर चढतं, खोलीत क्षणभर हिरवा उजेड पसरतो, मग पाणी उतरतं आणि आकाश दिसतं, परत हिरवं. मी पलंगावर पडून हे किती वेळ पाहत होते याचा हिशेब नाही. खोलीत वातानुकूलन चांगलं असतं. गुदमरायला होतं ते अगदी स्वस्तातल्या, खिडकीच नसलेल्या आतल्या खोल्यांत. स्टार फ्लायरवर त्यांत बर्थही खालीवर असतात. त्या घेऊ नका, निवृत्तीच्या प्रवासाला तर मुळीच नाही.

आता जे खरोखर गमवावं लागेल तेही सांगते. नाइट ड्रेसवर, केस न विंचरता, समुद्राकडे तोंड करून चहा प्यायचा तर ते इथं जमणार नाही. डेकवर जाताना जरा नीटनेटकं व्हावं लागतं. दुपारी दार उघडं ठेवून वाऱ्यावर लवंडता येणार नाही. दोघांनाच काही बोलायचं असेल तर कोपरा शोधावा लागतो, आणि जहाज लहान असल्यानं दुसऱ्या दिवसापासून सगळे चेहरे ओळखीचे होतात. यजमान मुळातच चारचौघांत कंटाळणारे असतील, अनोळखी माणसांशी दोन शब्द बोलणं त्यांना जड जात असेल, तर याचा विचार नीट करा. मला बाल्कनीपेक्षा हा मुद्दा मोठा वाटतो. पण गोव्याच्या जहाजावर ते बाल्कनीत बसून समुद्र बघत असतील, तर त्यांना हवा आहे तो समुद्र. तो इथं जास्त मिळेल.

कारण इथं बघायला पाणी आहेच, शिवाय कामही आहे. संध्याकाळी नांगर उचलला की खलाशी दोरांपाशी जातात. शिडं उलगडायला लागतात तेव्हा कापडाचा फडफडाट होतो, मग वारा भरतो आणि फडफड एकदम थांबते, कापड ताठ होतं. ज्यांना हौस आहे त्यांना दोर ओढायला हात लावू देतात. कप्तानाची जागा उघडी असते. मी नकाशा बघायला गेले तर ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यानं वाऱ्याची दिशा आणि आपला मार्ग यांचा मेळ कसा घालतात ते समजावून दिलं. जहाजाच्या नाळेपुढे जो लांब सोट पाण्यावर झुकलेला असतो, त्याच्याखाली जाड दोरांची जाळी बांधलेली असते. हवामान बरं असेल तेव्हा प्रवाशांना त्या जाळीत जाऊन पडता येतं. पाठीवर शिडं, पोटाखाली जाळी आणि जाळीखाली सरळ समुद्र, जहाजाचं टोक पाणी कापत पुढे येताना दिसतं. तुमच्या यजमानांना एकदा तिथं नेऊन बसवा. पाट्या-पायऱ्या नीट बघून जायचं, चप्पल रबरी तळव्याची हवी, चष्म्याला दोरी हवी.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करते. जहाज सगळा वेळ शिडांवर चालत नाही. वेळापत्रक पाळायचं असतं, वारा पडतो किंवा समोरून येतो, तेव्हा इंजिन लावतात. ग्रीसची बेटं एकमेकांना जवळ असल्यानं बरंच अंतर रात्रीत कापलं जातं. म्हणून मार्ग निवडताना मी बंदरांची यादी जितकी बघते तितकंच हेही बघते की दिवसाउजेडी समुद्रावर किती वेळ आहे. एखादा पूर्ण दिवस समुद्रावरचा असलेला मार्ग घ्या. आणि हायड्रासारखं बेट यादीत असेल तर सोन्याहून पिवळं. तिथं मोटारगाड्या चालत नाहीत, सामान गाढवांवर जातं.

महिना सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा जोरात वाहतो. मुरलेल्या दर्यावर्दीला तो आवडेल, पहिल्यांदा जाणाऱ्यानं मे-जून किंवा सप्टेंबर धरावा. तुम्हाला मार्चनंतर जायचंच आहे, तर मेचा उत्तरार्ध बघा. ग्रीसला लागतो त्या शेंगेनच्या व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्यामुळे यजमानांच्या शेवटच्या महिन्यांतल्या ऑफिसच्या धांदलीत तो राहून जाऊ देऊ नका. जहाज मध्येच तुर्कस्तानच्या कुशादासीला किंवा बोद्रुमला थांबून परत ग्रीसमध्ये येत असेल, तर शेंगेनचा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा हवा, आणि तुर्कस्तानचं काय लागेल ते बुकिंग करतानाच लेखी विचारून घ्या. या एका बाबतीत मी एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबत नाही.

खोली कुठली घ्यायची? जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची, गोल खिडकीची. हेलकावे तिथं सर्वांत कमी जाणवतात. पार पुढे नको, पहाटे नांगर सोडतात तेव्हा साखळीचा खडखडाट थेट उशाशी येतो. पार मागेही नको, इंजिनाची धडधड असते. खोली साधारण १२० चौरस फुटांची, आपल्या वन बीएचकेतल्या बेडरूमएवढी, आणि बाथरूम त्यातच. कडक सूटकेस नेऊ नका, घडी होणाऱ्या कापडी बॅगा न्या, त्या पलंगाखाली सरकतात.

यजमान खोलीच्या बाबतीत अडूनच बसले तर मधला मार्ग आहे. स्टार फ्लायरवर काही महागड्या खोल्यांचं दार थेट उघड्या डेकवर उघडतं. बाल्कनी नव्हे, दारासमोरून लोक ये-जा करणार, पण उठलं की एका पावलात बाहेर. विंड स्टारवर (१९८६ सालचं जहाज, शिडं यंत्रानं, संगणकाच्या हुकमानं उलगडतात) बाल्कनी नाहीच, पण खोली १८८ चौरस फुटांची आणि गोल खिडक्या दोन. आणि खरीच बाल्कनी हवी असेल तर रॉयल क्लिपर, २००० सालचं, पाच डोलकाठ्या आणि ४२ शिडं. त्यावर १४ सुइट्सना खासगी व्हरांडा आहे. २०२१ मध्ये आलेल्या सी क्लाउड स्पिरिटवरही काही खोल्यांना बाल्कनी आहे, आणि तिथं शिडं अजून माणसं दोरांवर चढून हातानं सोडतात. दर मात्र आठवडाभरासाठीही डोळे विस्फारायला लावतात. माझ्या पैशांचं मी काय करेन ते स्पष्ट सांगते. गोल खिडकीची साधी खोली घेईन, आणि उरलेल्या रकमेत आठवड्याऐवजी आणखी काही दिवस समुद्रावर काढीन, नाहीतर अथेन्समध्ये दोन रात्री जास्त राहीन.

पैसे भरण्यापूर्वी दोघं एका रविवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोनं जाऊन या. आतल्या थंड केबिनमध्ये बसू नका, वरच्या डेकवर उभे राहा. बंदरातलं पाणी भूमध्य समुद्रासारखं नाही आणि ती बोट भरभक्कम आहे, त्यामुळे पोटाची परीक्षा सौम्यच होईल. पण तासाभरात यजमान कठड्याला धरून उभे राहतात की आत बाक शोधतात, ते तुम्हाला कळेल. बाल्कनीचा निकाल त्यावर लावा.

प्रश्न : आईचं वय ७२, गुडघे दुखतात, पण समुद्राचं वेड आहे. लहानपण रेवदंड्याला गेलंय तिचं. शिडाच्या जहाजावर तिला न्यावं का? (एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : स्टार फ्लायर आणि विंड स्टार या दोन्हींवर लिफ्ट नाही. जिने अरुंद आणि जहाज कललेलं असताना कठडा धरूनच चढायचे. विंड सर्फ या दुसऱ्या शिडाच्या जहाजावर आणि सी क्लाउड स्पिरिटवर लिफ्ट आहे. पण अडचण लिफ्टशी संपत नाही. लहान बंदरांत जहाज आत लागत नाही, नांगर टाकून उभं राहतं आणि किनाऱ्यावर छोट्या बोटीनं नेतात. बाजूच्या शिडीनं उतरून त्या हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो. खलाशी दंडाला धरतात, तरी गुडघ्यात तेवढा दम हवा. आईंना विचारा, किनाऱ्यावर न उतरता जहाजावरच बसून राहायला आवडेल का. रेवदंड्याची माणसं पाण्याकडे बघत आनंदानं बसतात. त्यांनी मनापासून हो म्हटलं तर लिफ्टवालं जहाज घ्या, आणि दवाखान्यात डॉक्टर असतो की नाही हे बुकिंगआधी विचारा. ‘तुम्ही जा, मी बघते’ असं म्हणाल्या तर मोठ्या जहाजाची बाल्कनीवाली खोली घ्या. तिथं बाल्कनीचे पैसे सार्थकी लागतील, कारण त्यांचा बराचसा वेळ तिथंच जाणार.

प्रश्न : आम्ही दोघं पूर्ण शाकाहारी आहोत, आणि बायकोला माळशेज घाटातसुद्धा गाडी लागते. लहान जहाजावर जेवणाचे हाल होतील का, आणि बोट लागली तर? (एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : जेवणाचे हाल होत नाहीत, फक्त बुकिंगच्या अर्जात ‘मांस, मासे, अंडी, चिकन किंवा माशाचं सूप काहीही नाही’ असं एकेक नाव घेऊन लिहा. नुसतं ‘शाकाहारी’ लिहिलं तर मासे चालतात असं युरोपात काहींना वाटतं. जहाजावर चढल्या दिवशीच मुख्य वाढप्याला भेटून पुन्हा सांगा. लहान जहाजाचा इथं फायदा होतो, दुसऱ्या दिवसापासून तो तुम्हाला चेहऱ्यानं ओळखतो. लोणच्याची एक बाटली आणि थोडी मेतकुटाची पुडी बरोबर असू द्या, घट्ट बंद केलेली, चेक-इनच्या सामानात.

बोट लागण्याबद्दल आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा. अव्होमिनसारखी गोळी हेलकावे सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. तिनं झोप येते, म्हणून एकदा घरी घेऊन बघा, रक्तदाबाची किंवा दुसरी औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय नको. जहाजावर त्रास वाटला तर खोलीत जाऊन पडू नका. वर मोकळ्यावर या, जहाजाच्या मध्याला बसा, नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइल बाजूला. कोरडं बिस्किट आणि आलं जवळ असावं. घाटात गाडी लागणाऱ्या माणसाला जहाज लागतंच असं नाही, पण पहिल्यांदा आठवड्याचा प्रवास घेऊ नका. तीन-चार रात्रींचा मिळतो का बघा आणि महिना शांत वाऱ्याचा निवडा.