रात्री तीनचं ओरडणं आणि गवताचे गोळे

मागच्या अंकात सहज लिहून गेले की माझी घोडी 27 वर्षांची आहे, मांजर 17 वर्षांची, आणि दोघींची औषधं सांभाळता सांभाळता माझ्या गोळ्या राहून जातात. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य होतं, ‘वय झालंय आता.’ सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात 31 वर्षं काढली, तिथंही हे वाक्य रोज ऐकलं. या वेळी चार पत्रं घेते.

आमची चिंगी सोळा वर्षांची. दोन महिने झाले, रात्री तीनच्या सुमाराला पॅसेजमध्ये उभी राहून घसा फाडून ओरडते. खाते भरपूर, पूर्वीपेक्षा जास्तच, तरी पाठीचा कणा हाताला लागतो. सासूबाई म्हणतात, घरात मांजर रडणं चांगलं नाही. शेजाऱ्यांनी सोसायटीत तक्रार केली आहे. वयामुळे असेल का? – एक वाचक, डोंबिवली

ताई, सासूबाईंचं मी निम्मं मान्य करते. चांगलं नाहीच ते, पण घराला नव्हे, चिंगीला.

खाणं वाढलं आणि वजन घटलं, ही जोडी म्हाताऱ्या मांजरात दिसली की माझं पहिलं बोट थायरॉइडवर जातं. मानेतली ती ग्रंथी जादा काम करायला लागते, सगळं अंग जणू मोठ्या आचेवर ठेवल्यासारखं होतं, मग भूक, धडधड, बेचैनी आणि रात्रीचं ओरडणं. रक्ताच्या तपासणीत कळतं आणि रोजच्या गोळीनं ताब्यात येतं. त्याच रक्तात मूत्रपिंडंही तपासून घ्या, कारण या वयात ती थकलेली असण्याची शक्यता मोठी. मुख्य म्हणजे रक्तदाब मोजून घ्या. हो, मांजराचा रक्तदाब मोजतात. पायाला किंवा शेपटीला इवलासा पट्टा बांधून.

रक्तदाबाचं एवढं का सांगते? माझी मांजर, दामली. तिचं नाव दामली, कारण ती दामल्यांची. ते बंगळुरूला गेले तेव्हा ‘महिनाभर सांभाळा’ म्हणाले, त्याला आता नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी ती ओट्यावर उडी मारताना चुकायला लागली. मग दाराच्या चौकटीला डोकं आपटलं. मी, जन्मभर जनावरं तपासलेली बाई, चार दिवस स्वतःशी म्हणत राहिले, वय झालंय तिचं. पाचव्या दिवशी भर उन्हात अंगणात बसलेली असताना डोळ्यांकडे लक्ष गेलं. बाहुल्या चिंचोक्याएवढ्या मोठ्या, उन्हातसुद्धा. पुण्याला नेली तर वरचा रक्तदाब 210. मांजरात तो 160 च्या वर राहिला की उपचार सुरू करतात, आणि इतका वाढला की डोळ्यामागचा पडदा सुटतो. गोळ्या सुरू झाल्या, एका डोळ्याला थोडंसं परत दिसायला लागलं. दुसरा गेला तो गेला. ते चार दिवस मला अजून टोचतात.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन गोष्टी करा. चिंगीला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, मग एकट्या, आणि वजाबाकी वहीत लिहा. तीनशे ग्रॅम आपल्याला किरकोळ वाटतात, पण तिच्या अंगातून ते जाणं म्हणजे आपल्या अंगातून पाच किलो जाण्यासारखं. दुसरं म्हणजे पाणी मोजून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. वजनाच्या दर किलोमागे रोज 50 मिलिलिटरच्या वर जात असेल तर डॉक्टरांना तो आकडा सांगा. आणि तोवर पॅसेजमध्ये रात्री छोटा दिवा जळत ठेवा. कमी दिसणारं, कमी ऐकू येणारं मांजर अंधारात घाबरतं. सोसायटीला काय उत्तर द्यायचं ते मात्र तुमचं तुम्ही बघा, मी त्यातून निवृत्त झाले आहे.

बोका 12 वर्षांचा, लंगडतो. दवाखाना लांब आहे. अर्धी पॅरासिटामॉल दिली तर चालेल का? – नाशिक

नाही. अर्धी नाही, पाव नाही, दुधातून नाही. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकायची व्यवस्था मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि मांजर जातं. दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता निघा. उतारा आहे, पण तो तासांच्या हिशेबात चालतो. कुत्र्याच्या गोचिडांचं पर्मेथ्रिनवालं औषधही बोक्याच्या मानेवर घालू नका. लंगडण्यासाठी मांजराला चालणारं औषध असतं, ते थेंबात मोजून देतात, आणि आधी मूत्रपिंडं तपासतात.

मॅडम, आमचा राजा माथेरानला दस्तुरी नाक्यावरून पर्यटक घेऊन 14 वर्षं चालला. आता गवत चावतो आणि ओला गोळा करून खाली टाकतो. लिदीत हरभरे अख्खे दिसतात. बरगड्या दिसायला लागल्यात. कधी कधी उभ्या उभ्या पुढचे पाय मोडून पडायला होतो, परत सावरतो. बाबा म्हणतात फेफरं आहे, वय 18 आहे. सीझनला चालवू का? – बारावीत शिकणारा मुलगा

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दवाखान्यात येणारे निम्मे लोक ‘खात नाही’ एवढंच सांगायचे. तू गोळे बघितलेस, लीद बघितलीस. अर्धं काम तूच केलंयस.

आधी वय. बाबा 18 म्हणतात ना? माझी बिजली सहा वर्षांपूर्वी माथेरानच्याच एका घोडेवाल्यानं फुकट दिली, पंधरा वर्षांची म्हणून. धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं म्हणू नये म्हणतात, पण मी तोंड उघडलंच. वरच्या जबड्यात समोरच्या दातांपैकी अगदी कडेचा दात बघ. त्यावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक काळसर खोबण दिसायला लागते, पंधराव्याला अर्ध्यावर येते, विसाव्याला दातभर होते, मग वरून पुसत जाते आणि तिसाव्याच्या आसपास नाहीशी होते. दोन-तीन वर्षं इकडे तिकडे होतात, पण पंधरा आणि एकवीस यांत सहसा गल्लत होत नाही. बिजलीची खोबण वरून पुसायला लागली होती.

आता गोळे. घोड्याचे दात जन्मभर वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चावून तेवढेच झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड झिजायची राहून सुरीसारखी होते. वरची गालाला कापते, खालची जिभेला. मग चावायला घेतलेला घास दुखतो म्हणून तो टाकतो. या कडा कानशीनं घासून काढता येतात. गुंगीचं औषध देऊन, तोंड उघडं ठेवायची चौकट लावून, आणि शिकलेल्या माणसानं. नालबंदाकडून घरगुती करून घेऊ नकोस. पण पंचविशीच्या पुढे दाढांची मुळातली शिल्लकच संपत येते, तिथं कानस काय करणार? तेव्हा चावायचं काम आपण करून द्यायचं.

बिजलीची चंदी, म्हणजे तिचा खुराक, सांगते. भरडलेला हरभरा, थोडा गव्हाचा कोंडा, बारीक चिरलेला लसूणघास (लसूण नव्हे, हिरवा चारा), दोन चमचे मीठ, आणि हे सगळं कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखं. दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं. कोंडा स्वस्त पडतो म्हणून तोबरा त्यानंच भरू नका. त्यात फॉस्फरस फार, तो हाडांतला चुना, म्हणजे कॅल्शियम, ओढून घेतो, जुन्या घोड्यांची तोंडं त्यानं सुजलेली मी पाहिली आहेत. लसूणघासात चुना असतो म्हणून दोन्ही बरोबर. बदल एकदम नको, आठ-दहा दिवसांत करा. आणि कोरडं भरडलेलं कधीही घालू नका. भुकेलेलं म्हातारं घोडं न चावता गिळतं, घास अन्ननळीत अडकतो, नाकातून चारा आणि पाणी यायला लागतं. घोड्याला उलटी करता येत नाही, हे लक्षात ठेव. असं झालं तर पुढ्यातलं सगळं काढून घ्यायचं, पाणीसुद्धा, आणि डॉक्टरला फोन.

वजन वाढतंय का ते शिंप्याच्या टेपनं कळेल. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घे, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. सेंटिमीटर घातलेस की किलो मिळतात. घेर 150 आणि लांबी 135 असेल तर साधारण 256 किलो. बारावीच्या मुलाला हे गणित सोपं आहे. दर पंधरा दिवसांनी लिहीत जा.

आता पडण्याचं. हे फेफरं नसावं. घोडं उभ्यानं डुलकी घेतं, पायांचे सांधे कुलुपासारखे अडकवून. पण गाढ, स्वप्नांच्या झोपेत अंग सैल पडतं, म्हणून तेवढ्यापुरतं, दिवसाला अर्धा-एक तास, त्याला आडवं व्हावंच लागतं. ज्याचे सांधे दुखतात ते आडवंच होत नाही, कारण परत उठता येईल याची खात्री वाटत नाही. मग आठवडेच्या आठवडे झोप साठते आणि उभ्या उभ्या पाय मोडतात. राजाच्या पुढच्या गुडघ्यांवर किंवा खुरांच्या वरच्या सांध्यावर जुने-नवे खरचटल्याचे व्रण आहेत का बघ. आणि सकाळी अंगावर, कुशीवर माती-गवत चिकटलेलं असतं का? नसेल तर तो आडवा होत नाही.

तुमच्याकडे लाल कातळाची जमीन. त्यावर कोण निजणार? वीतभर जाड सुका पेंढा घाल, ओला झाला की बदल, आणि बांधायचं दावं इतकं लांब ठेव की पाय पसरता येतील. दुखणं कमी करणारं औषध डॉक्टर लिहून देतील. औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मात्र आणू नका. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. जनावरांसाठी त्याच्यावर 2006 पासून बंदी आहे. आपल्या रायगडात गिधाडं उरली आहेत ती तरी उरू देत.

सीझन. बाबांचं पोट त्यावर आहे, हे मला ठाऊक आहे, म्हणून आडवळणानं लिहिणार नाही. खोगीर ठेवू नका. नव्वद किलोचा पर्यटक तर दूरच. पण नुसता बांधूनही ठेवू नका. लहानपणचं कोडं ऐकलंस ना, भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. सांधे धरलेल्या घोड्याला हेच लागू. सकाळ-संध्याकाळ सपाटीवर, रिकाम्या पाठीनं, त्याच्या चालीनं वीस मिनिटं. उतारावर नेऊ नकोस, उताराला पुढचे पाय दुखतात.

पुढच्या महिन्यात मी वर येते आहे. राजाचं तोंड बघू. बाबांना सांग, पैसे घेणार नाही, चहा घेईन.

मी 78, माझा बोका मन्या 15. दोघांचेही गुडघे गेले आहेत. तो हल्ली ट्रेमध्ये न जाता सोफ्यामागे करतो आणि मला वाकून पुसता येत नाही. पूर्वी माझ्या पलंगावर झोपायचा, आता खाली बसून वर बघत राहतो. पत्नी गेल्यापासून आम्ही दोघंच. माझ्यानंतर त्याचं काय, हाही विचार येतो. – सदाशिव पेठ, पुणे

काका, मन्या खोडसाळपणा करत नाही. ट्रेची कड त्याला उंबरठ्यासारखी आडवी येते. एका बाजूनं ती तीन बोटं उरेल इतकी कापा, कुणाकडून तरी कापून घ्या, धार घासून घ्या. आणि आणखी एक ट्रे सोफ्यामागेच ठेवा. जागा त्यानं निवडलीच आहे तर वाद कशाला? खडे टोचतात म्हणून बारीक वाळू. तुमच्यासाठी उभ्या दांड्याची सुपली मिळते, तिच्यानं न वाकता साफ होईल. एवढं करूनही बाहेर केलं, किंवा बसून कुंथतो आणि काहीच होत नाही असं दिसलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. बोक्याची लघवी अडली तर उद्यापर्यंत थांबता येत नाही.

पाण्याची आणि खाण्याची वाटी पाटावर ठेवा, मान वाकवावी लागणार नाही. नुसती दूध-पोळी देत असाल तर त्यात मासे, चिकन किंवा तयार खाणं हवं. मांसातला टॉरिन नावाचा घटक मिळाला नाही तर मांजराचं हृदय आणि डोळे बिघडतात. सदाशिव पेठेत हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण मन्याचा नाइलाज आहे. नखं दर तीन आठवड्यांनी बघा. म्हातारी मांजरं नखं घासत नाहीत, मग नखं वळून पंजाच्या गादीत घुसतात. कापताना उजेडात धरा, आतली गुलाबी शीर सोडून टोक तेवढं घ्या.

आणि पलंग. तुमच्याकडे जुने दिवाळी अंक असणारच. त्यांचे गठ्ठे सुतळीनं घट्ट बांधा, एकाला एक लावून तीन पायऱ्या करा, वर जुनी सतरंजी टाका म्हणजे पंजा घसरणार नाही. दामली अशाच पायऱ्यांनी चढते. पहिले दोन दिवस वरच्या पायरीवर सुकटाचा तुकडा ठेवावा लागला.

तुमच्यानंतरचं. ‘कुणीतरी बघेल’ यावर सोडू नका. एका माणसाला स्पष्ट विचारा, त्यानं हो म्हटलं तर त्याचं नाव, मन्याचं खाणं, औषधं, डॉक्टरचा नंबर एका कागदावर लिहा आणि कागद फ्रिजवर चिकटवा, कपाटात नको. थोडे पैसे वेगळे काढून ठेवा. विचारायला अवघड जातं, मला माहीत आहे. मीही मागच्या दिवाळीत असा कागद केला. दामलीसमोर शेजारच्या मुलीचं नाव आहे, ती लगेच हो म्हणाली. बिजलीपुढची ओळ अजून कोरी आहे. तीनशे किलोच्या म्हातारीला कोण हो म्हणणार? माथेरानच्या त्या मुलाला, दातांचं काम झालं की, चहा घेताना विचारून बघेन म्हणते.