होशेय प्रथमच वाचणाऱ्यास

बायबलातील हिब्रू संदेष्ट्यांच्या वाचनाचा आरंभ आपण होशेयच्या ग्रंथापासून करणार असाल, तर पहिल्या तीन अध्यायांतील गोमेरच्या, म्हणजे होशेयच्या व्यभिचारी पत्नीच्या, कथेतच अडकून पडू नये, कारण उरलेले अकरा अध्याय त्या विवाहाविषयी नसून इस्राएलाच्या उत्तरेकडील राज्याविषयी आहेत. धान्य, द्राक्षारस आणि तेल परमेश्वराने दिले असता लोकांनी त्याचे श्रेय बआल या कनानी देवाला दिले, आणि संकट येताच कधी मिसराकडे (इजिप्तकडे), तर कधी अश्शूराकडे (असिरियाकडे) धाव घेतली. संदेष्टा ज्याला व्यभिचार म्हणतो, तो हाच. ‘बआल’ या शब्दाचा हिब्रूत ‘धनी’ आणि ‘पती’ असाही अर्थ होतो, हे ठाऊक असल्यास दुसऱ्या अध्यायातील शब्दांची धार अधिक जाणवते.

होशेय आणि गोमेर यांच्या मुलांची नावे हाच तेथील न्यायनिवाडा आहे: लो-रुहामा म्हणजे जिच्यावर दया झाली नाही ती, आणि लो-अम्मी म्हणजे ‘माझे लोक नव्हेत’. (बापाने लेकरांना ही नावे घेऊन हाक मारावी, हे मला आजही सोसवत नाही.) इ.स.पू. ७२२च्या सुमारास शोमरोन, म्हणजे या उत्तरेकडील राज्याची राजधानी, अश्शूराच्या हाती पडले. अकरावा अध्याय मात्र सावकाश वाचावा. तेथे एफ्राईमाला, म्हणजे त्याच उत्तरेकडील राज्याला, चालायला शिकवणाऱ्या देवाचे मन शिक्षेच्या विचारानेच कालवते. आणि तरीही दोनच अध्यायांनंतर तो पिले हिरावलेल्या अस्वलासारखा तुटून पडतो, तेव्हा या दोन स्वरांचा मेळ घालण्याची घाई करू नये.