पुणं सोडायचंय, पण बघायचं राहिलंय

“मॅडम, अकरा वर्षं पुण्यात काढली आणि शनिवारवाड्याच्या आत पाऊल टाकलं नाही. आता दोन महिन्यांत बंगळुरू.”

शहर सोडणारी बरीच माणसं ही खंत घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. ही मूळची लातूरची, हिंजवडीत नोकरी, पिंपळे सौदागरला घर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) तिनं एक्सेलमध्ये यादीच केली होती: पर्वती, पाताळेश्वर, केळकर संग्रहालय, सिंहगड. शनिवार-रविवारी नवऱ्याला ओढत न्यायचं, फोटो काढायचे, पुढचं ठिकाण गाठायचं. एखादं राहिलं की रात्री रडारड, झोप नाही. नवरा वैतागलेला, आणि त्याचं चुकतही नव्हतं.

मी म्हटलं, यादी राहू द्या. एकच पेठ धरा, एकट्या जा आणि पुन्हा तिथेच जा. मेट्रो थेट जाते म्हणून तिनं कसबा निवडली. पहिल्या खेपेला कसबा गणपतीला हात जोडून घरी. पुढच्या खेपेला तांबट आळीतल्या ठोक्यांच्या आवाजानं थबकली. तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करताना ठोक्यागणिक पत्रा कसा कडक होतो, हे एका कारागिरानं तिला दाखवलं. मग नागझरीचा ओढा ओलांडून सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती: तीन सोंडा, वाहन मोर, दर्शनी भिंतीवर चक्क गेंडा कोरलेला. हे सांगताना ती खुलली होती. मग म्हणाली, “तिथे कुणी ओळखीचं नाही, म्हणून बरं वाटतं. आमच्या भाजीवाल्या मावशींना मात्र आम्ही जातोय हे अजून सांगितलेलंच नाही.”

गाठ इथे होती. कसबा पेठ सुट्टीत येऊनही बघता येईल. रोजचा जिना, शेजारच्या काकू, मुलाला सांभाळणारी ताई हे सुटणार होतं, आणि त्याकडे बघायला नको म्हणून यादीची धावपळ. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच असतं.

मग माणसांची यादी केली, कुणाला कधी सांगायचं त्याची. मावशी आधी रागावल्या, नंतर तिकडे ज्वारी मिळते का, याची चौकशी करू लागल्या. सिंहगड राहिला तो राहिलाच.

झोप हळूहळू सुधारली, सामान बांधताना पुन्हा बिघडली, तेवढं चालायचंच. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली किंवा रोजची कामं होईनाशी झाली, तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.