डिसेंबरात दुबई: आजी-नातवंडांना घेऊन जाताना

ताई, पहिल्यांदाच जाताय, तर तारखा आधी ठरवा. नाताळ ते ३१ डिसेंबर हॉटेलं महाग असतात. शाळेतून सुट्टी मिळत असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा बघा. दिवसा २४-२५ अंश, सुखद ऊन. रात्री मात्र १४-१५ पर्यंत उतरतं. ठाण्याच्या थंडीच्या हिशोबाने कपडे नेऊ नका, सासूबाईंना शाल आणि मुलांना स्वेटर हवाच.

समुद्रासाठी अल ममझरचा किनारा मला जास्त आवडतो. झाडं आहेत, सावली आहे, पाणी शांत. सूर्य साडेपाच-पावणेसहालाच मावळतो, म्हणून पाण्यात दुपारीच उतरा. संध्याकाळी ओली मुलं कुडकुडतात.

आता बॅगेचं, आणि हे मनावर घ्याच: खसखस तिथे बंदी असलेली वस्तू आहे. अनारसे, चिरोटे, घरचा गोडा मसाला, काहीही भरताना खसखस नाही ना, ते तपासा. सासूबाईंच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेलं औषध तिथल्या सरकारच्या परवानगीशिवाय नेऊ नका.

वाळवंटाच्या सफारीत वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उडवतात, ते गुडघे-पाठ दुखणाऱ्यांसाठी नाही. सासूबाईंना थेट कॅम्पवर नेणारी गाडी मिळेल का, बुकिंगआधीच विचारा.

दुबईची खाडी अब्रा नावाच्या होडीतून ओलांडा, माणशी एक दिरहम. मुलांना ती होडी फार आवडेल. आणि मेट्रोत खाऊचा डबा उघडू नका, दंड होतो.