दारूमुळे पाय बधिर झालेत. बरे होतील का, आणि तोवर रोज काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की दारू सोडून तीन महिने झाले, तरी दोन्ही पाय घोट्यापर्यंत बधिर आहेत, चालताना कापसावर पाय पडल्यासारखं वाटतं आणि चप्पल निसटली तरी चार पावलं गेल्यावर कळतं. तीन महिन्यांत फरक पडला नाही म्हणून धीर सोडू नका. कमरेतून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सगळ्यांत लांब. दारूचं विष त्यांना थेट लागतं, शिवाय जेवण तुटल्याने आणि आतड्यांतून नीट शोषलं न गेल्याने ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कमी पडतं. म्हणून सुरुवात बोटांपासून, दोन्ही पायांत सारखी. खराब झालेला तंतू वाढला तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. हिशोब महिन्यांचा नाही, वर्षाचा किंवा त्याहून जास्त धरा. थोडा बधिरपणा कायम राहू शकतो, पण दारू पूर्ण बंद राहिली तर दुखणं वर चढायचं सहसा थांबतं. ‘फक्त सणावाराला’ घेतली तर ही खात्री उरत नाही.

हे वाचणारं कुणी अजून रोज पीत असेल तर एका दिवसात स्वतःच्या मनाने बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे.

दुसरं काही कारण सोबत नाही ना, हे एकदा तपासून घ्या. साखर, ब१२ आणि थायरॉइड या तपासण्या हव्यातच. अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर कुष्ठरोगाची शंका आधी दूर करा. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. टीबीचं आयसोनियाझिड किंवा दारू सुटण्यासाठी दिलं जाणारं डायसल्फिराम चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, दोन्हींनी नसांना इजा होऊ शकते.

थायमिनची गोळी डॉक्टर ठरवतील त्या मात्रेत घ्या. पण ‘नसांच्या ताकदीच्या’ दोन-तीन गोळ्या एकदम चालू असतील तर पाकिटामागे पायरिडॉक्सिन, म्हणजे ब६, किती आहे ते वाचून बेरीज करा. ब६ खूप दिवस जास्त मात्रेत घेतलं तर त्यानेच पाय बधिर होतात, आणि हे सर्रास नजरेतून सुटतं. जळजळीसाठी प्रीगाबालिन किंवा अॅमिट्रिप्टिलिन देतात. त्यांनी गुंगी येते, त्यावर दारू घेणं जिवावर बेतू शकतं.

आता रोजचं काम. माझ्या मते खरा धोका बधिरपणाचा नाही, न कळलेल्या जखमेचा आहे. चांगल्या पायाला एका जागी टोचलं की माणूस नकळत वजन दुसरीकडे टाकतो. बधिर पाय त्याच ठिपक्यावर हजार पावलं टाकत राहतो.

म्हणून रात्री जेवण झाल्यावर चांगल्या उजेडात बसून पाय बघायचे. तळवा वळवून दिसत नसेल तर दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरा. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बुडाचा उंचवटा, टाच, बोटांची टोकं, बोटांच्या बेचक्या या जागा चुकवायच्या नाहीत. मग हाताच्या पाठीने दोन्ही तळवे चाचपा. एखादी जागा बाकीपेक्षा गरम लागली तर तिथे आत इजा होतेय: दोन दिवस चालणं कमी करा, चप्पल तपासा. घट्ट्याखाली काळपट-लाल डाग दिसला तर आत जखम सुरू झाली आहे असं धरा. घट्टा किंवा कुरूप ब्लेडने कापू नका आणि कुरूपाची औषधी पट्टीही लावू नका, त्यातलं आम्ल चांगली कातडी जाळतं.

घाम कमी झाल्याने टाचांना भेगा पडतात. अंघोळीनंतर खोबरेल तेल चोळा, पण बेचक्यांत नाही. तिथे ओल राहिली की पावसाळ्यात चिखल्या होतात. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि अंदाज कोपराने घ्या. पायाने कधीच नाही. गरम पाण्याची पिशवी, शेक, शेकोटीजवळ पाय नेणं, सगळं बंद. मोटारसायकलच्या सायलेन्सरला पोटरी टेकली तरी कळत नाही. देवळात चप्पल काढावीच लागते, तर मे महिन्यात दुपारी जाऊ नका, किंवा जाड मोजे घालून जा. घरात उंदीर असतील तर मच्छरदाणीत झोपा. बधिर बोटं कुरतडली तरी जाग येत नाही.

मागे पट्टा नसलेली चप्पल सोडा. मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचं मऊ रबर) तळाची, मागे पट्टा असलेली सँडल घ्या. खरेदी संध्याकाळी करा, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. पायाला घट्ट आहे की नाही हे तुम्हाला जाणवणार नाही, म्हणून कागदावर पाऊल रेखून तो कागद बुटाच्या तळाशी ताडून बघा. पहिल्या दिवशी एक तासच घाला आणि काढून पाहा: लालसरपणा अर्ध्या तासातही गेला नाही तर ती जोडी तुमची नाही. प्रत्येक वेळी घालण्याआधी उलटी करून झटका आणि आत हात फिरवा. तळाला रुतलेला खिळा हाताला लागतो, पायाला नाही.

फोड आला तर फोडू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी पट्टी बांधा आणि त्या पायावर वजन देऊ नका. लाली पसरली, वास आला, पू दिसला किंवा दोन दिवसांत सुधारणा नाही, तर सर्जनकडे जा. ‘दुखत नाही’ म्हणून थांबू नका. खिळा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. एकच पाय सुजून लाल आणि गरम झाला, जखम मात्र नाही, तर आत हाडं मोडत असू शकतात. त्याच दिवशी चालणं थांबवा आणि एक्स-रे काढा.

तोलाचं बघा. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की माणूस हेलकावतो, कारण पाय कुठे आहेत ही जाणीव गेलेली असते आणि इतके दिवस डोळे ती भरून काढत असतात. अंघोळ स्टुलावर बसून करा, संडासात भिंतीला पक्की दांडी बसवा, रात्री वाटेत दिवा ठेवा. व्यायामासाठी स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं १० वेळा, चवडे उचलणं १० वेळा, मग एका पावलापुढे दुसरं ठेवून ३० सेकंद उभं राहणं, दिवसातून दोनदा. चालताना पाऊल फटफट आपटत असेल तर फिजिओथेरपिस्टकडून घोट्याचा आधार-पट्टा मोजून घ्या. अचानक गोंधळल्यासारखं झालं, दोन-दोन दिसायला लागलं किंवा चाल एकदम बिघडली तर तडक हॉस्पिटल गाठा: थायमिन शिरेतून द्यावं लागतं, आणि ते ग्लुकोजच्या सलाइनआधी किंवा सोबत हवं. दारूचा इतिहास तिथे लपवू नका.

गाडी चालवणं सध्या थांबवा. ब्रेकवर पाय किती दाबला आहे हे खाली न बघता सांगता येत नसेल, तर डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत चावी घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.