दुखत नाही, म्हणजे भरलं असं नाही

प्रिय मित्रा,

छाती सपाट करण्याच्या शस्त्रक्रियेला आठवडाही झाला नाही आणि तू विचारतोस, "आता दुखत नाही, मग हात वर केले तर काय बिघडतं?" अरे, त्वचा सोडवताना तिथल्या बारीक नसा कापल्या गेल्यात, छाती बधिर आहे, वर गोळ्या चालूच आहेत. न दुखणं हे माप धरूच नकोस. 3 आठवड्यांनी जखमेला मूळ त्वचेच्या जेमतेम 20 टक्के ताकद येते, 3 महिन्यांनी 80च्या आसपास. टाके तुटले नाहीत तरी ताणाने व्रण रुंदावतो. सर्जन मोकळीक देईपर्यंत, म्हणजे बहुधा 4 ते 6 आठवडे, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, जड उचलायचं नाही. रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर काढून घे. मदत मागायला लाजतोस, याचा मला खरंच राग येतो.

ड्रेनचा, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेरच्या बल्बमध्ये ओढणाऱ्या नळीचा, वैताग कळतो, पण आत काय चाललंय ते तोच सांगतो. हात धुऊन बूच उघड, मापाच्या कपात रिकामं कर, मग बल्ब पुरता दाबून धर आणि दाबलेला असतानाच बूच लाव. फुगलेला बल्ब काहीच ओढत नाही, पाणी आत साठतं. सकाळ-संध्याकाळ, डावा-उजवा वेगळा, मिली आणि रंग लिही. लालाचा हळूहळू पिवळसर व्हायला हवा. 24 तासांत एका ड्रेनमध्ये साधारण 30 मिलीच्या खाली आलं की बरेच सर्जन तो काढतात. "बरंच कमी झालंय" हे उत्तर नाही. आकडा हवा.

एक बाजू अचानक फुगून टणक झाली, बल्ब भराभर लाल भरू लागला, तर रक्त साठतंय. दुखो न दुखो, तत्क्षणी फोन कर. 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, पसरती लाली किंवा पू दिसला तर त्याच दिवशी. पोटरी सुजली, धाप लागली तर थेट इमर्जन्सी. गुठळ्या टाळायलाच घरातल्या घरात चालत राहा.

बधिर छातीवर गरम पिशवी नको, बर्फही नको. भाजलेलं कळणार नाही. निपल ग्राफ्टवर, म्हणजे काढून पुन्हा बसवलेल्या स्तनाग्रावर, काळपट खपली धरेल, ती ओढू नकोस. सिगारेट तर अजिबातच नाही, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि ग्राफ्ट मरू शकतं.

मधेच रडू कोसळेल. भूल, थकवा, कोंडून पडणं, सगळं मिळून होतं ते. त्याला पश्चात्ताप समजू नकोस.

माझी कटकट वाटली तर वाटू दे, यावर मी ऐकणार नाही. आज रात्री दोन्ही ड्रेनचे आकडे पाठव.