म्हैस काळी, फोटोत करडी

प्रश्न : काका, मी खानापूरजवळच्या एका गावची, बी.ए.ला आहे. दादानं त्याचा जुना डीएसएलआर दिलाय. आमची म्हैस कोळशासारखी काळी, पण फोटोत राखेसारखी येते. उलट आज्जांचा पांढराशुभ्र पटका मळका दिसतो. कॅमेरा बिघडलाय का?

उत्तर : बिघडलेला नाही. दादाशी भांडू नकोस.

कॅमेऱ्यातल्या मीटरला समोर म्हैस आहे की पटका, हे कळत नाही. तो नुसता उजेड मोजतो. समोरची वस्तू पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकते, म्हणजे मध्यम करडी आहे, असं धरून चालतो. म्हशीनं चौकट भरली की त्याला वाटतं अंधार पडला; उजेड वाढवून तो म्हैस करडी करतो. पटक्यापुढं उजेड कमी करतो, तोही करडा.

हे मी नुकसान सोसून शिकलो. बेळगावात आमचा स्टुडिओ होता, रोलचे दिवस, एका रोलात ३६ फोटो. कॅम्पातल्या एका लग्नात नवरीचा पांढरा गाऊन, मागं पांढरी भिंत. मी दरवेळी मीटरची सुई मधोमध आणून अख्खा रोल संपवला. प्रिंट आल्या त्या सिमेंटच्या पोत्यासारख्या, वर दाणेच दाणे. वडील एवढंच म्हणाले, "सुईला गाऊन दिसत नाही रे, तुला दिसत होता की!" पैसे परत केले.

तुझ्या कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचं बटण असेल. म्हशीला उणे १, पटक्याला अधिक १. पांढऱ्याला आणखी उजेड द्यायचा हे उफराटं वाटतं, पण मीटरनं आधीच कापलाय तो आपण परत देतो. अधिक १ म्हणजे दुप्पट उजेड, उणे १ म्हणजे निम्मा. मोबाईलवर वस्तूवर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह खालीवर सरकवलं की तेच काम होतं.

आज्जा म्हशीची धार काढताहेत, दोघं एकाच चौकटीत, तर पटका सांभाळ. डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळालं, म्हणजे जादा उजेडानं कोरं पांढरं झालं, की त्यातल्या घड्या परत येत नाहीत. काळ्यातलं बरंच नंतर उजळता येतं, रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यानं काटछाट न करता ठेवलेली मूळ नोंद, असेल तर जास्तच.

सराव करायचा तर बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत जा. इ.स. १२०४ चं देऊळ, खांब काळ्या दगडाचे, घोटून गुळगुळीत केलेले. विचारून एकाच खांबाचे तीन फोटो घे : जसा येईल तसा, उणे १, उणे २. कुठल्यात दगड दगडासारखा दिसतो ते घरी येऊन बघ.

आणि म्हैस धुतल्याधुतल्या फोटो काढू नकोस. ओल्या पाठीवर आभाळ चमकतं, मग उणे कितीही कर, पांढरे पट्टे राहतातच. सुकू दे, गोठ्याच्या दारात बाजूच्या उजेडात उभी कर. शेपटीच्या टप्प्याबाहेर थांब, लेन्स महाग असते.